गिझरची कॉईल पुन्हा गेली? आधी पाणी कुठून येतंय ते बघा

ठाण्यात घोडबंदर रोडला राहायला आल्यावर पहिल्या पाच वर्षांत आमच्या गिझरची कॉईल तीनदा गेली. माझी थोरली बहीण नवी मुंबईत नेरुळला राहते. तिचा आणि आमचा गिझर एकाच दिवशी, एकाच दुकानातून घेतलेला, दोन्ही १५ लिटरचे. तिच्याकडे आजही मूळची कॉईल चालू आहे. तिसऱ्यांदा पैसे मोजताना हा फरक डोक्यात आला आणि मी कंपनीला बोल लावणं सोडून पाण्याकडे बघायला लागले. त्यानंतर आमच्या विंगमधल्या बऱ्याच घरांत, सासूबाईंच्या कळव्याच्या घरी आणि नणंदेकडे हेच दुखणं मी निस्तरलं आहे. बहुतेक वेळा खर्च शंभर रुपयांच्या आत भागला. जिथे जास्त झाला, तिथे लोकांनी सगळ्यात महागडा उपाय आधी केला होता.

लक्षणं कोणती

हे दुखणं जड पाण्याचं, म्हणजे कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचे क्षार जास्त असलेल्या पाण्याचं. जड पाणी घरात एका जागी दिसत नाही, दहा ठिकाणी थोडं थोडं दिसतं. यातली तीन-चार तुमच्याकडे असतील तर पुढे वाचा.

- अंगाला साबण लावला तरी फेस धरत नाही आणि बादलीच्या आतून राखाडी, चिकट रेघ उमटते.
- नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांभोवती पांढरी खरपुडी धरते. नखाने खरवडली तर पिठासारखी सुटते.
- स्टीलची भांडी वाळली की गोल पांढरे डाग राहतात. फडक्याने पुसून जात नाहीत, लिंबाची फोड चोळली की जातात.
- तूरडाळ दोन शिट्ट्या जास्त देऊनही गरगटत नाही, दाणा दाणा राहते.
- टॉवेल वाळल्यावर खरखरीत, पापडासारखा कडक होतो.
- गरम पाण्याची धार बारीक, त्याच नळाची थंड पाण्याची धार मात्र चांगली.
- गिझर तापताना आतून तडतड ऐकू येते.
- गिझरचा दिवा लवकर बंद होतो, पण अर्धी बादली भरली की पाणी कोमट यायला लागतं.
- गिझर लावला की ईएलसीबी पडतो. ईएलसीबी म्हणजे वीज कुठे गळली की पुरवठा तोडणारा सुरक्षेचा स्विच. हे तुमच्याकडे होत असेल तर मधलं काही वाचू नका. गिझर बंद करा आणि थेट ‘इथे थांबायचं’ या भागावर जा.

काही गोष्टींचा दोष उगीच जड पाण्यावर येतो. फरशीवरचे तांबूस डाग लोहाचे किंवा गंजलेल्या पाइपचे असतात. ग्लासातलं पाणी दुधी दिसलं आणि तळापासून वर निवळत गेलं तर ती नुसती हवा आहे, शटडाऊननंतर, म्हणजे पालिकेने बंद ठेवलेलं पाणी पुन्हा सुटतं तेव्हा हमखास येते. आणि घरातल्या सगळ्याच नळांची, थंड आणि गरम दोन्ही धार एकाच दिवशी कमी झाली, तर क्षारांचा काही संबंध नाही. गच्चीवरच्या टाकीची चावी किंवा पाण्याची पातळी बघायला सांगा.

पहिली तपासणी: कुठल्या नळाला आणि कधी

याला एक पैसा लागत नाही, म्हणून बहुतेक जण हीच करत नाहीत. आठ दिवस घरातले सगळे नळ नुसते बघायचे आणि कॅलेंडरवर खूण करायची.

एकाच नळाची धार बारीक असेल तर दोष त्या नळाच्या जाळीत आहे, पुढे फार शोधू नका. फक्त गरम बाजू बारीक असेल तर गिझर किंवा त्याच्या आसपासचं काहीतरी. कारण साधं आहे: साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, चुन्याचं उलट. थंड पाण्यात विरघळून राहिलेला कॅल्शिअमचा क्षार पाणी तापलं की बाहेर पडतो आणि जे सगळ्यात गरम आहे त्याला चिकटतो. घरात सगळ्यात गरम असते ती कॉईल. म्हणून पहिला बळी तिचा जातो आणि थंड पाण्याचा नळ वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो.

तिसरी शक्यता महत्त्वाची. सगळीकडे पांढरं दिसतंय, पण रोज नाही. एप्रिल-मे महिन्यांत वाढतं, पावसाळ्यात जातं, कधी शटडाऊनच्या दुसऱ्या दिवशी अचानक येतं. आमच्याकडे असंच होत होतं आणि उत्तर तिथेच होतं.

दुसरी तपासणी: दोन बाटल्या आणि साबण

सारख्या आकाराच्या दोन पारदर्शक बाटल्या घ्या. एकीत नळाचं पाणी अर्ध्यापर्यंत, दुसरीत आरओचं किंवा पावसाचं धरून ठेवलेलं. आंघोळीच्या साबणाची वडी किसून चिमूटभर कीस वाटीभर आरओच्या पाण्यात विरघळवा. ते पाणी एकेक चमचा दोन्ही बाटल्यांत घाला, झाकण लावून दहा-दहा वेळा जोरात हलवा आणि ओट्यावर शेजारी शेजारी ठेवा.

आरओच्या बाटलीत फेस उभा राहतो आणि खालचं पाणी स्वच्छ दिसतं. नळाचं पाणी जड असेल तर त्या बाटलीत फेस दोन मिनिटांत बसतो, पाणी ताकासारखं गढूळ होतं आणि वर पांढरट कण तरंगतात. बादलीच्या कडेला चिकटते ती रेघ याच कणांची. साबण आधी कॅल्शिअम-मॅग्नेशिअमशी झुंजण्यात खर्ची पडतो, मग उरला तर फेस करतो. शाम्पू किंवा कपड्यांचा लिक्विड साबण मात्र वापरू नका. त्यांना जड पाण्यातही फेस येतो आणि तुमची फसगत होते.

तिसरी तपासणी: पंपवाल्या काकांना विचारा

या भागासाठीच खरं तर मी लिहायला बसले.

ठाण्याला महापालिकेचं पाणी मुख्यतः भातसा आणि उल्हास नद्यांतून येतं. नवी मुंबई महापालिकेचं खालापूरजवळच्या मोरबे धरणातून. दोन्हीकडे सह्याद्रीवर पडलेला पाऊसच साठवलेला असतो. पाऊस खडकावरून वाहत येतो, त्यात मुरून फार काळ राहत नाही, म्हणून हे पाणी मुळात मऊ असतं. बोअरचं पाणी याच काळ्या कातळाच्या भेगांमध्ये दीर्घकाळ पडून असतं. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन ते किंचित आम्लधर्मी होतं आणि कातळातलं कॅल्शिअम, मॅग्नेशिअम सावकाश विरघळवत राहतं. खाडीजवळच्या बोअरला वर मिठाचाही त्रास असतो.

म्हणजे ठाण्यात किंवा नवी मुंबईत तुमच्या नळाला पांढरी खरपुडी धरत असेल, तर पहिला प्रश्न ‘कुठला सॉफ्टनर घेऊ’ हा नाही. पहिला प्रश्न ‘माझ्या नळाला बोअरचं किंवा टँकरचं पाणी का येतंय’ हा आहे.

बऱ्याच इमारतींत गच्चीवरच्या टाकीचे दोन कप्पे असतात. एकात पालिकेचं पाणी, ते नळांना आणि शॉवरला. दुसऱ्यात बोअरचं, ते फ्लशला. दोन्ही कप्प्यांना जोडणारा एक पाइप असतो आणि त्यावर एक चावी. पालिकेचं पाणी कमी आलं की लोकांची सकाळची ओरड नको म्हणून पंप चालवणारा माणूस ती चावी उघडतो. त्यात त्याचं चुकत नाही, त्याला पाणी पुरवायचं असतं. पण नंतर ती बंद करायची राहून जाते. आमच्या गच्चीवर मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती चावी अर्धी उघडी होती आणि तिच्या दांड्यावर इतका गंज चढला होता की ती कित्येक महिने कुणी हलवली नसावी. आमच्या पंपवाल्या काकांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, मागच्या उन्हाळ्यात उघडली होती.”

विचारताना दोष द्यायला गेल्यासारखं जाऊ नका. चार गोष्टी विचारा: टँकर कुठल्या कुठल्या दिवशी आला, तो कुठल्या टाकीत रिकामा केला, जोडचावी उघडी आहे का, आणि टाकी शेवटची कधी धुतली. टँकरच्या पावत्या सोसायटीच्या ऑफिसात असतात. त्यांच्या तारखा आणि तुमच्या कॅलेंडरवरच्या खुणा जुळवून बघा. आमच्या जुळल्या.

चौथी तपासणी: मीटर आणि थेंब

टीडीएस मीटर दोन-तीनशे रुपयांना मिळतो. घ्यायला हरकत नाही, पण तो काय सांगतो ते समजून घ्या. पाण्यात विरघळलेले सगळे क्षार मिळून किती, एवढंच तो अंदाजाने सांगतो. त्यात चुना किती आणि मीठ किती, हे त्याला कळत नाही. तरीही आपल्याकडे तो उपयोगी पडतो, कारण पालिकेच्या आणि बोअरच्या पाण्यात फरकच मोठा असतो. आमच्या स्वयंपाकघरात तो पावसाळ्यात ८०-९० (लिटरला मिलिग्रॅम) दाखवतो. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याच नळाला ५४० दिसले आणि मला दुसऱ्या कुठल्या पुराव्याची गरज उरली नाही.

जडपणाच मोजायचा असेल तर थेंबांचं किट मिळतं. पाण्याचा नमुना आधी लालसर होतो, मग थेंब मोजत घालायचे, निळा झाला की थांबायचं. भारतीय मानक संस्थेच्या आयएस १०५०० या मानकात पिण्याच्या पाण्याच्या जडपणाची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे. दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. सोसायटीत विषय मांडायचा असेल तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल घ्या. सभेत मीटरच्या फोटोपेक्षा त्याला वजन येतं. नमुना मात्र पांढरे डाग पडतात त्या दिवसांतच घ्या.

पाचवी तपासणी: जाळ्या आणि शॉवर

आता हात ओले करायचे. नळाच्या तोंडाशी असते ती गोल जाळी हाताने फिरवून निघते. अडली तर भोवती फडकं गुंडाळून पान्ह्याने हळूच फिरवा, नाहीतर क्रोमवर ओरखडे येतात. किराणा दुकानात लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक ॲसिड मिळतं. अर्धा लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे विरघळवा आणि जाळी त्यात टाका. बारीक बुडबुडे यायला लागले की समजा, क्षार विरघळतोय. अर्ध्या तासाने जुन्या टूथब्रशने घासून धुवा. शॉवर काढता येत नसेल तर हेच पाणी प्लॅस्टिकच्या पिशवीत भरून शॉवरच्या तोंडाला रबरबँडने बांधा. रात्रभर ठेवू नका, तासाभराने सोडा. आम्ल जास्त वेळ राहिलं तर चकाकी जाते.

दोन गोष्टी कळकळीने सांगते. हे पाणी संगमरवराच्या किंवा कोटा लादीच्या ओट्यावर सांडू देऊ नका. तोही चुन्याचाच दगड आहे आणि आम्ल खरपुडीसारखंच त्यालाही खातं. आणि कुठलंही आम्ल, मग ते लिंबूसत्त्व असो नाहीतर संडास साफ करायचं ॲसिड, ब्लीचबरोबर कधीही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

वॉशिंग मशीनला पाणी येतं त्या नळीच्या टोकाशीही अशी जाळी असते. मशीनचा प्लग काढून, नळ बंद करून ती साफ करा. महिन्यातून एकदा रिकाम्या मशीनमध्ये शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ६० अंशांवर एक फेरी चालवली की ड्रम आणि हीटर स्वच्छ राहतात, पण त्याआधी मशीनचं माहितीपत्रक वाचून घ्या. डाळीसाठी आरओचं पाणी वापरा. दाण्यातल्या पेशी एकमेकींना चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला कॅल्शिअम घट्ट धरून ठेवतं, म्हणून डाळ शिजत नाही.

सहावी तपासणी: गिझर, पण बाहेरून

गिझर उघडायचा नाही. बाहेरून जेवढं कळतं तेवढं पुरेसं आहे.

गरम नळ सोडून आतलं गरम पाणी संपवा, थंड यायला लागलं की नळ बंद करून गिझर लावा आणि घड्याळ बघा. १५ लिटरचा गिझर, २००० वॅटची कॉईल आणि नळाचं पाणी साधारण २७ अंश असेल, तर ६० अंशांवर जायला सतराएक मिनिटं लागतात. सात-आठ मिनिटांतच दिवा बंद झाला आणि पाणी लवकर संपलं, तर तळाशी साठलेल्या क्षारात थर्मोस्टॅटची, म्हणजे पाणी तापलं की कॉईल बंद करणाऱ्या भागाची, नळी बुडाली असण्याची शक्यता मोठी. तिच्याभोवतीचा गाळ तापतो आणि तिला वाटतं पाणीच तापलं. दिवा चालू आहे पण पाणी थंडच, तर कॉईल गेली. तडतड आवाज येतो तो कॉईलवरच्या थराखाली पाण्याची वाफ अडकून फुटते म्हणून. कॉईल सगळी उष्णता पाण्याला देऊ शकत नाही, स्वतःच तापत राहते आणि एक दिवस तिचं आवरण फाटतं.

थर्मोस्टॅटचं बटण बाहेर असेल तर ५५ अंशांच्या आसपास ठेवा. जितकं जास्त तापमान तितका क्षार जास्त साठतो. आमच्याकडे आंघोळी झाल्या की गिझर बंद. दिवसभर चालू ठेवायची सवय मोडल्यावर तडतड कमी झाली.

गिझरच्या वाल्व्हमधून तापताना चार-दोन थेंब पडले तर ते चांगलं लक्षण आहे. पाणी प्रसरण पावतं, तो दाब तिथून सुटतो. त्या थेंबांचा त्रास होतो म्हणून वाल्व्हच्या तोंडात बूच किंवा कापूस कधीही कोंबू नका. मी एका घरी एम-सील लावलेलं पाहिलं आहे. दाब सुटायला जागा नसेल तर टाकी फुटू शकते.

इथे थांबायचं

खालीलपैकी काहीही दिसलं तर स्वतः हात लावू नका. मेन स्विच पाडा आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियनला किंवा कंपनीच्या सर्व्हिसवाल्याला बोलवा.

- गिझर लावला की ईएलसीबी पडतो. कॉईल तडकून वीज पाण्यात उतरते आहे, तो स्विच तुमचा जीव वाचवण्यासाठी पडतोय. तो पुन्हा पुन्हा वर करू नका, बायपास तर मुळीच करू देऊ नका.
- नळाला किंवा शॉवरला हात लावला की मुंग्या येतात. घरातल्या सगळ्यांना बाथरूममध्ये जायला मनाई करा.
- १६ अँपिअरच्या प्लगजवळ काळं पडलंय किंवा जळका वास येतोय.
- वाल्व्हमधून सतत धार लागली आहे, किंवा तापताना एक थेंबही पडत नाही आणि टाकी फुगल्यासारखी दिसते.
- घरात गॅसचा गिझर आहे आणि ज्योत पिवळी दिसते किंवा वापरताना डोकं जड होतं. गॅस बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर या. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

सर्व्हिसवाला आला की समोर उभ्या राहा. आमची तिसरी कॉईल बाहेर काढली तेव्हा तिच्यावर अंड्याच्या टरफलापेक्षा जाड, पिवळट पांढरा थर होता आणि टाकीच्या तळातून ओल्या खडूसारखा गाळ निघाला, अर्धं टमरेल भरून. नुसती कॉईल बदलून गाळ तसाच ठेवला तर नवीन कॉईलही वर्षभरात जाते. आमच्या दोन कॉइली अशाच गेल्या. म्हणून आधी सांगायचं: टाकी धुवायची, गॅस्केट (सांध्यातलं रबर) नवं घालायचं, टाकीऐवजी स्वतः गंजणारा मॅग्नेशिअमचा रॉड झिजला असेल तर बदलायचा. जुनी कॉईल मागून घ्यायची.

सॉफ्टनर घ्यायचा का

वरचं सगळं करूनही पाणी बारा महिने जड असेल, म्हणजे इमारतीला पालिकेचं पाणी पुरतच नसेल, तरच याकडे वळा. खरा सॉफ्टनर (जड पाणी मऊ करणारं यंत्र) रेझिनच्या बारीक मण्यांवर चालतो. तो कॅल्शिअम-मॅग्नेशिअम धरून ठेवतो आणि बदल्यात सोडिअम सोडतो. काही दिवसांनी त्याला मिठाचं पाणी द्यावं लागतं, आणि ते खारं पाणी सोडायला नाली लागते. ज्यांना डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं आहे त्यांनी पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी हे पाणी डॉक्टरांना विचारूनच वापरावं.

सॉफ्टनर चालतोय का हे टीडीएस मीटरने बघू नका. क्षाराच्या जागी क्षार आला, आकडा जवळजवळ तोच राहणार. आमच्या शेजारच्यांनी याच कारणावरून चांगला चालणारा सॉफ्टनर परत केला. बाटलीतल्या साबणाची परीक्षा इथे खरी. पाइपला बाहेरून बांधायचं चुंबक किंवा तार गुंडाळलेला डबा घेऊ नका. त्याने पाण्यातलं कॅल्शिअम कुठे जात नाही.

मला विचाराल तर फ्लॅटमध्ये हजारो रुपये घालण्याआधी सोसायटीत बोला. आमच्या सभेत प्रयोगशाळेचा अहवाल ठेवला आणि टँकरच्या तारखा वाचून दाखवल्या. मग ठरलं की बोअर फक्त फ्लशला आणि बागेला वापरायचं, आणि टँकर आलाच तर आधी त्याचा टीडीएस बघून मग टाकीत घ्यायचा. जोडचावीला आता साखळी आणि कुलूप आहे. ती उघडली की तारीख, वेळ आणि बंद केल्याची वेळ वहीत लिहायची. ती वही काकांच्या केबिनमध्ये खिळ्याला टांगलेली असते, आणि उन्हाळ्यात मी दर रविवारी ती बघून येते.